नाशिकहून बडोद्याला कायमचं जायचंय: राहायचं कुठे, शाळेचं काय, जमेल का?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचत असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय. नवऱ्याला बडोद्याजवळ मंजुसर जीआयडीसीत (तिकडची एमआयडीसी) चांगली नोकरी मिळतेय. दुसरी एक संधी पीथमपूरची, म्हणजे राहायचं इंदूरला. दोघांचाही कल बडोद्याकडे आहे. ही दोन-तीन वर्षांची बदली नव्हे, नाशिकचा फ्लॅट विकूनच निघणार आहोत, म्हणून आधी नीट विचारून घेतेय.

मी घरून काम करते. मुलगी चौथीत, सीबीएसईला. सासूबाई आमच्याबरोबरच असतात. गुडघे दुखतात, रोज देवळात गेल्याशिवाय चैन पडत नाही आणि मराठीशिवाय दुसरं काही बोलत नाहीत. आधी भाड्यानं राहू, मग घर घेऊ असा विचार आहे. एजंटनं समा भागात तळमजल्यावरचा एक फ्लॅट सुचवलाय. सासूबाईंच्या दृष्टीनं बरा वाटतोय, नवऱ्यालाही कंपनी जवळ. आम्ही अंडी खातो, रविवारी चिकन असतं. बडोद्यात मराठी माणसं भरपूर आहेत असं सगळेच सांगतात, त्यामुळे फार अडचण यायची नाही असं धरून चाललोय. बरोबर आहे ना?

मांडवीचा_सदाशिव
ताई, बाकी सगळं नंतर. समा, त्यात तळमजला, आणि दाखवलाय कधी? एप्रिलमध्ये. एजंट मोठा हुशार दिसतो.

विश्वामित्री नदी गावाच्या मधोमध वाहते. उन्हाळ्यात ती इतकी बारीक असते की पुलावरून जाताना लक्षातही येत नाही. ही पावागढच्या डोंगरातून येते, आणि वरचं आजवा सरोवर भरलं की त्याचं पाणीही हिच्यातच येतं. गावात पाऊस थांबलेला, ऊन पडलेलं, आणि तरी नदी चढतेय असं इथे होतं. नव्या माणसाला हेच समजत नाही. तो आभाळाकडे बघून निश्चिंत होतो. आम्ही काळा घोडा पुलावरची पातळी बघतो.

३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंच पाऊस झाला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी धोक्याच्या पातळीच्या दहा-एक फूट वर गेली. समा, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर, कलाली, कुठे म्हणून सांगू? पहिल्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खाली उतरायची सोय नव्हती, दूध होडीतून येत होतं. मगरी रस्त्यावर आल्या ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. मगरींचं आम्हाला फार काही वाटत नाही, त्या नदीत कायमच्याच आहेत. खरा त्रास पाणी ओसरल्यावरचा. चिखल, सडलेल्या गाद्या, बंद पडलेले मीटर, आणि आठ दिवस घरात भरून राहिलेला वास.

म्हणजे समा वाईट असं नाही हं. एकाच रस्त्यावर एक सोसायटी कोरडी आणि दुसरी कमरेएवढ्या पाण्यात, असंही होतं. म्हणून भागाचं नाव विचारू नका, इमारतीचं विचारा. पार्किंगमध्ये उभ्या राहा आणि भिंती बघा. खालच्या चार-पाच फुटांचा रंग वरच्यापेक्षा नवा असेल तर समजून घ्या. विजेच्या मीटरची पेटी कुठे आहे बघा. पाणी पाहिलेल्या सोसायट्यांनी ती नंतर वर चढवली आहे. लिफ्टचं खालचं दार गंजलंय का बघा. मालकाला विचारू नका, समोरच्या इस्त्रीवाल्याला विचारा. त्याला पाणी पायरीसकट आठवत असतं.

इंदोरी_जिरावन
अरे भिया, इंदूर का सोडताय? पीथमपूरला कंपनीच्या बसेस जातात. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर, कुठेही राहा, सासूबाईंना बोलायला मराठी शेजार मिळेल. हिंदी तुमच्या सगळ्यांना येतेच. सानंद संस्थेचे मराठी नाटकांचे प्रयोग असतात, स्वच्छतेत गाव वर्षानुवर्षं पहिलं. सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफ्यातली खाऊगल्ली. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघाल तर नाशिकची रहाड, तो रंगाचा हौद, विसराल.

गोदाकाठ
@इंदोरी_जिरावन, रहाड विसरणार नाही, ते सोडून सगळं पटलं. 😀 पण बडोद्याचा पगार बरा आहे आणि माझा भाऊ सुरतेला असतो. सासूबाईंना काही झालं तर तो रेल्वेनं दोन-अडीच तासांत पोचतो.
@सदाशिवकाका, तळमजला रद्द. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो गप्पच झाला.

कळवणचा_पाहुणा
नाशिककरांनी बडोद्यात येऊन स्थायिक व्हायची परंपरा जुनीच आहे. मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली बारा वर्षांचा असताना इकडे दत्तक आला आणि सयाजीराव झाला. त्यालाही मग गुजराती, इंग्रजी, सगळं शिकावं लागलंच. तुमची लेक तर चौथीतच आहे!

वासणारोड
मी पुण्याची, लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले आणि आता इथलीच झालेय. वरच्या ‘मराठी माणसं भरपूर आहेत’ या वाक्यावर थोडं बोलायचंय.

आहेत, खरंच आहेत. गणपतीत दांडिया बाजारातून फिरा, पुण्यात असल्यासारखं वाटेल. पण ही मंडळी गायकवाडांबरोबर आलेली, सहा-सात पिढ्यांची. त्यांचे नातेवाईक इथे, शाळा-कॉलेजचे मित्र इथे, कुलदैवताची पालखी इथे, वाडे इथे. त्यांना नव्या मराठी माणसाची गरज नाही. भेटलं की गोड बोलतात, चहा पाजतात, पण त्यांचं घर आधीच भरलेलं आहे. आल्यावर मी फक्त मराठी ओळखी शोधत बसले होते. खरी सोबत मिळाली ती समोरच्या पटेलबहेनची आणि खालच्या मजल्यावरच्या सिंधी कुटुंबाची. गुजराती बोलायला लागा, मोडकंतोडकं का होईना. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, सोसायटीच्या मिटिंगमध्ये. इथे हिंदी सगळ्यांना कळते, त्यामुळे हिंदीवर भागतं. भागतं म्हणूनच माणूस दहा-दहा वर्षं पाहुणा राहतो.

मांडवीचा_सदाशिव
@वासणारोड, आमची घरं भरलेली आहेत हे खरं, पण दारं बंद नाहीत ने! २०१८ ला ९१ वं मराठी साहित्य संमेलन इथे झालं तेव्हा मंडपात खुर्च्या लावणाऱ्यांत जुने-नवे दोन्ही होते. तुम्ही पुणेकर लोक दर वाक्याला ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणता, त्यानं माणूस जरा मागे सरतो. आम्ही बोलतो ते मराठी तुम्हाला हसण्यासारखं वाटतं, ते आम्हाला कळत नाही असं समजू नका.

वासणारोड
काका, हसले असेन सुरुवातीला. आता माझी मुलगीच ‘मम्मी, इकडे ये ने’ म्हणते, कोणाला हसू?

सयाजीबागेतला
अंडी-चिकनबद्दल कोणीच बोललं नाही, मी बोलतो. जागा बघताना पहिला प्रश्न ‘व्हेज के नॉनव्हेज’ हा येतो. पुष्कळ सोसायट्यांत लिहिलेलं काही नसतं, पण भाडेकरू तसाच लागतो. आम्ही एका ठिकाणी टोकन देऊन बसलो होतो. मालकाला आडनावावरून अंदाज आला नव्हता, जेवणाचं विचारल्यावर दुसऱ्या दिवशी ‘घरच्यांचा विचार बदलला’ म्हणून फोन. टोकन परत मिळालं, एवढंच. तेव्हा आधी एजंटला स्पष्ट सांगा. लपवून राहू नका, स्वयंपाकघराची खिडकी पॅसेजकडे असते आणि फोडणी लपत नाही. बाहेर खायला तोटा नाही. अंड्याचे पदार्थ तर बडोद्याइतके क्वचितच कुठे मिळत असतील. कारेलीबागेतलं राजू ऑम्लेट प्रसिद्धच आहे, चीजखाली ऑम्लेट शोधावं लागतं.

एक_वाचक
नॉनव्हेज सोडलं तर प्रश्नच मिटला. ज्या गावात राहायचं तिथल्यासारखं राहावं.

निळी_पाटी
@एक_वाचक, इतकं सोपं नसतं ते. ‘काय खाता’ हा बऱ्याचदा ‘कोण तुम्ही’ विचारायचा सभ्य मार्ग असतो. आणि बडोद्यात घर न मिळण्याची गोष्ट आम्हाला कोणी नव्यानं सांगायला नको. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून, ज्या संस्थानानं शिष्यवृत्ती दिली त्याच संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला इथे आले. गावात जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, तर लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. कमाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, झाडाखाली बसून राहिले आणि गाडी पकडून मुंबईला परतले. राजा मराठी होता, सरदार मराठी होते. काय उपयोग झाला?

आज त्या जागी संकल्पभूमी आहे. गोदाकाठताई, मुलीला बागेत न्याल तेव्हा तिथेही न्या. मीही याच गावात घर घेतलंय, चांगले शेजारी मिळालेत, गावावर राग नाही. पण ‘मराठी आहेत म्हणजे अडचण नाही’ हे वाक्य मला नेहमी अर्धवट वाटतं.

गोदाकाठ
@निळी_पाटी, मनापासून आभार. बाबासाहेबांचं माहीत होतं, पण ती जागा याच बागेत आहे हे डोक्यातच आलं नव्हतं.
एजंटला आजच फोन करून जेवणाखाण्याचं सांगितलं. त्याच्या यादीतली निम्मी घरं कमी झाली.

तिसरी_घंटा
शाळेत शिकवते म्हणून शाळेचं मी सांगते. २०२३ च्या कायद्यानं गुजरातेत पहिली ते आठवीपर्यंत सगळ्या बोर्डांच्या शाळांत गुजराती शिकवणं सक्तीचं आहे, सीबीएसईसुद्धा त्यात आलं. चौथीतून पाचवीत येणारं मूल म्हणजे वर्गातल्या बाकीच्यांची मुळाक्षरं कधीच झालेली असतात. घाबरू नका, मराठी वाचणाऱ्या मुलाला गुजराती लिपी पटकन येते. डोक्यावरची रेघ नाही, च-ज-झ-फ असली काही अक्षरं वेगळी, एवढंच. आत्तापासून दुकानांच्या पाट्यांचे फोटो दाखवून वाचून घ्या. व्याकरण आणि जोडाक्षरं सहा महिने छळतील. माझ्या वर्गात असली मुलं दिवाळीनंतर इतरांना कॉपी द्यायला लागतात.

प्रवेशाचं मात्र लवकर बघा. जुन्या शाळेचा दाखला घेताना जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतंय का तेवढं बघून घ्या, नाहीतर हेलपाटे.

डोंबिवली_टू_वडोदरा
महत्त्वाची सूचना: सामान बांधताना काचेच्या कपाटातली ‘पाहुण्यांसाठीची’ बाटली गुजरातेत आणू नका. दारूबंदी आहे, सीमेवर ट्रक उघडून बघू शकतात. आमच्या शेजाऱ्यांना हे ट्रक सापुताऱ्याच्या अलीकडे आल्यावर आठवलं. पुढचं सांगत नाही.

गोदाकाठ
😂 नवऱ्यानं हा प्रतिसाद दोनदा वाचला.

वासणारोड
सासूबाईंबद्दल लिहायचं राहिलं. नवऱ्याची कंपनी उत्तरेला सावली रस्त्यावर, त्यामुळे समा, छाणी, निझामपुरा, हरणी हेच भाग सोयीचे. मराठी वस्ती दाट आहे ती दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, प्रतापनगर आणि दक्षिणेला मांजलपूर इकडे. मांजलपूरहून मंजुसर म्हणजे रोज सगळं गाव ओलांडायचं. नावं सारखी वाटतात, पण टोकं दोन. कोणाचं ऐकून मांजलपूरला घर घेऊ नका.

माझं मत विचाराल तर नवऱ्याचे पंधरा मिनिटं कमी करण्यापेक्षा सासूबाईंचे दिवसाचे दहा तास बघा. घरात बसून राहणाऱ्या माणसाचं गाव म्हणजे बाल्कनीतून दिसतं तेवढंच. नवरा ऑफिसात, मुलगी शाळेत, तुम्ही लॅपटॉपवर. नवीन गावात सगळ्यात एकटं त्यांनाच वाटणार. खाली बाकडं असलेली, संध्याकाळी बायका बसतात अशी जुनी, कमी मजल्यांची सोसायटी बघा. गेट, क्लबहाउस, जिम असलेल्या उंच इमारतीत वयस्कर माणसं लिफ्टमध्ये भेटतात तेवढीच.

मांडवीचा_सदाशिव
हे शंभर टक्के. आणि आजींना एकदा रिक्षानं इकडे घेऊन या. मांडवीजवळच्या विठ्ठल मंदिरातून आषाढी एकादशीला वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, निघतो, पार गायकवाडी काळापासूनचा. गर्दीत निम्मे मराठी, निम्मे गुजराती, सगळ्यांचा विठ्ठल एकच. येताना सेंट्रल लायब्ररी दाखवा. १९१० ची संस्था, आत लोखंडी मांडण्या आणि काचेची जमीन. वरच्या मजल्यावरून कोणी चाललं की खालून पावलं दिसतात. मराठी पुस्तकांचा साठा इतका जुना आणि मोठा आहे की आजींना वाचायची आवड असेल तर जन्माची सोय झाली. मुलीला गाणं-नाच शिकवायचं असेल तर सयाजीरावांच्या वेळचं, १८८६ चं संगीत विद्यालय आता विद्यापीठाकडे आहे, तिथे चौकशी करा.

मकरपुरा_मेकॅनिकल
कागदपत्रांचं थोडक्यात.
एमएच पासिंगची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर पुन्हा नोंदणी लागते. नाशिकच्या आरटीओची एनओसी निघतानाच घ्या, नंतर त्यासाठी रजा टाकून जावं लागेल. मतदार यादीतला पत्ता फॉर्म ८ भरून बदला. भाडेकरार ११ महिन्यांचा करतात, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते. ती मालक देतो की तुम्ही, हे आधीच ठरवून घ्या, दोघेही एकमेकांवर ढकलतात. गॅसची पाइपलाइन पुष्कळ भागांत आहे, सिलिंडर लगेच परत करू नका, आधी नळीतून ज्योत आली का बघा.

घर घ्याल तेव्हा मुद्रांक शुल्क ४.९ टक्के आणि नोंदणीचा १ टक्का. खरेदीखत फक्त बाईच्या नावावर असेल तर हा १ टक्का माफ आहे. जुन्या गावात किंवा त्याच्या आसपास घेणार असाल तर तो भाग अशांत धाऱ्याखाली येतो का ते विचारा. १९९१ चा कायदा आहे, तशा भागात विक्रीला कलेक्टरची परवानगी लागते. परवानगी हातात आल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नका. वकील तुमचा हवा, बिल्डरनं सुचवलेला नको.

सयाजीबागेतला
आणि ऊन! नाशिकच्या माणसाला बडोद्याचा मे सहन होत नाही. बेचाळीस-चव्वेचाळीस अंश. सर्वांत वरचा मजला आणि पश्चिमेची बेडरूम टाळा. पुराच्या भीतीनं लोक वर वर जातात आणि भाजून निघतात. दुसरा किंवा तिसरा मजला, लिफ्टसह.

तिसरी_घंटा
ओळखी व्हायच्या असतील तर मात्र गच्ची सोडू नका. उत्तरायणला, म्हणजे १४ आणि १५ जानेवारीला, सोसायटीतलं झाडून सगळं माणूस गच्चीवर असतं. सकाळी पतंग, दुपारी उंधियू-जिलबी, संध्याकाळी पुन्हा पतंग. वर्षभर जिन्यात मान न हलवणारे काका आपणहून फिरकी धरायला बोलावतात. आपण घरचा तिळगूळ न्यायचा. माझ्या इमारतीत आता माझ्या गुळपोळ्यांची वाट बघतात, आणि मला त्या दिवशी स्वयंपाक करावा लागत नाही. नवरात्रात गरबा येत नसला तरी उतरा. मोठ्या मैदानातला पास नको, आधी सोसायटीतला. मागच्या ओळीत राहा आणि पुढच्या बाईचे पाय बघा, बाकी काही शिकावं लागत नाही.

गोदाकाठ
मंडळी, अपडेट देते. गेल्या आठवड्यात दोघं जाऊन आलो, सासूबाईंनाही नेलं होतं. निझामपुऱ्यात एक जुनी तीन मजली सोसायटी मिळाली, दुसरा मजला, भाड्यानं. मालकीणबाई स्वतः शाकाहारी, पण म्हणाल्या, ‘मला वास चालत नाही, खिडकी माझ्या बाजूची बंद ठेवा, बाकी तुमचं तुम्ही बघा.’ इतकं सरळ बोलणारं माणूस आवडलं. इस्त्रीवाला नव्हता, कोपऱ्यावरच्या दूधवाल्याला विचारलं. २०२४ ला रस्त्यावर घोट्याएवढं आलं होतं, आत आलं नाही म्हणाला. तेच खालच्या काकूंनीही सांगितलं, त्यांना न विचारता. मीटर मूळच्या जागीच आहेत, भिंतीचा रंग वरून खालपर्यंत सारखाच जुना.

सासूबाई खाली बाकड्यावर बसल्या होत्या. आम्ही करार वाचून खाली येईपर्यंत त्यांना कळलं होतं की महादेवाचं देऊळ कुठे आहे, पोळ्या लाटायला कोण येतं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेचं माहेर धुळ्याला आहे. समोरच्या बाई गुजराती बोलत होत्या, या मराठी. मध्ये काही अडलेलं दिसलं नाही.

शाळेचं अजून नक्की नाही, दोन ठिकाणी अर्ज केलेत. मुलगी पाट्या वाचतेय, ‘ज’ दिसला की अडते.

मांडवीचा_सदाशिव
वा! छान झालं. एकच राहिलं. जवळपास पार्टी प्लॉट, म्हणजे लग्न-गरब्याचं मैदान, आहे का ते बघितलंत? नवरात्रात मुलगी खूश होईल, पण आजींची झोप गेलीच समजा.

गोदाकाठ
आहे. बेडरूमच्या बरोब्बर समोर.

इंदोरी_जिरावन
पीथमपूरची जागा अजून रिकामी आहे भिया, बघा.